कोंडसरीच्या सड्यावर उतरलेलं विमान

रसिकाचा फोन आला की काशीराम तांबे हातातलं काम टाकून स्लॅबवर जात. फोन दोन वाक्यांचा असे. "आप्पा, आज रत्नागिरीला चाललेय. साडेअकराच्या सुमाराला तुमच्या डोक्यावरून जाईन." बस्स. मग अकरापासूनच काशीराम देवरूखच्या आपल्या घराच्या स्लॅबवर कपाळावर आडवा हात धरून घाटाच्या दिशेला बघत उभे. खालून मथुराबाई ओरडत, "अहो, मान अवघडेल! ती काय थांबून हात दाखवणाराय का?"

थांबणार कुठून? रसिका घाटावरच्या एका संस्थेत विमान चालवायला शिकवायची. एका इंजिनाचं, दोन माणसांचं लहानसं विमान. डावीकडे शिकणारा बसायचा, उजवीकडे शिकवणारी रसिका. महिन्यातून एकदोनदा ती कुणाला तरी घेऊन रत्नागिरीपर्यंत यायची आणि परत जायची. काशीरामांच्या वाट्याला त्यातली मिनिटभराची घरघर आणि आभाळातला एक पांढरा ठिपका. तेवढ्यावर त्यांचा आठवडा जायचा.

काशीरामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. मूळचे मंडणगडकडचे, पण नोकरी सगळी देवरूख डेपोत गेली. गाडी आवारात शिरली की नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा ड्रायव्हर, अशी त्यांची ख्याती होती. मेकॅनिक लोक वैतागायचे, पण बहुतेक वेळा तांबेंचंच खरं निघायचं.

नोव्हेंबर संपत आला होता. त्या गुरुवारी अकरा पस्तीसला घरघर ऐकू आली आणि काशीरामांचा कपाळावरचा हात आपोआप खाली आला. आवाज बरोबर नव्हता. आत काहीतरी कोरडं घासत होतं. पुढच्या दहा सेकंदांत तो आवाज खरखरला, दोनदा अडखळला आणि बंद झाला.

"आवाज गेला," काशीराम म्हणाले.

खाली अंगणात मथुराबाई कुळीथ पाखडत होत्या. "कसला आवाज?"

"इंजिनाचा. बंद पडलं."

विमान दिसत होतं. मागे काळसर धुराची बारीक रेघ. पण ते पडत नव्हतं. घार तरंगते तसं ते तरंगत होतं, हळूहळू खाली येत. मग त्यानं एक पंख कलवला, नदीकडची शेतं सोडली आणि पलीकडच्या कोंडसरीच्या सड्याच्या दिशेनं वळलं. शेतांना बांध असतात, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. काशीरामांच्या मनात एवढंच आलं, की ती बघून वळतेय. हातात आहे अजून तिच्या.

मग ते डोंगराआड गेलं. काशीराम कान देऊन उभे राहिले. धडाका ऐकू येईल म्हणून त्यांनी श्वास रोखला होता. आला नाही.

जिना उतरून ते रस्त्यावर येईपर्यंत मथुराबाईंनी दाराला कुलूप घातलं होतं आणि शेजारच्या केतनला रिक्षासकट उभं केलं होतं. रिक्षा आण म्हणून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"जयभीम काका. कुठं?"

"कोंडसरीला. हाण."

केतननं मागे वळून दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला.

कोंडसरीत डांबरी रस्ता संपतो आणि सड्यावर जायला दगडी पायऱ्यांची पाखाडी सुरू होते. रिक्षा तिथे पोचली तेव्हा वरून माणसं उतरत होती. चार बायका आणि दोन बाप्ये, बांबूला नऊवारी बांधून केलेली डोली खांद्यावर घेऊन. सगळ्यात पुढे चाळिशी उलटलेली एक काटक बाई, पदर कमरेला खोचलेला, "दमानं, दमानं, हिकडं दगूड हाय" असं सांगत वाट दाखवत होती. डोलीशेजारून वीसेक वर्षांची एक मुलगी चालत होती. तिच्या ओठातून रक्त येत होतं. एका पायात बूट होता, दुसरा पाय अनवाणी.

डोलीत रसिका होती. कपाळ फुटलेलं, उजवा हात विचित्र वाकलेला. डोळे उघडे.

"आप्पा," ती म्हणाली, "ईशाला जास्त लागलंय का बघा ना."

मथुराबाईंनी तिच्या पायाला हात लावला, पाय गरम आहे याची खात्री केली आणि मगच त्या रडल्या.

*

देवरूखच्या दवाखान्यात रसिकाच्या हाताला आणि खांद्याच्या हाडाला प्लास्टर झालं, कपाळाला नऊ टाके पडले. डोक्याला मार होता म्हणून डॉक्टरांनी तिला जास्त बोलू देऊ नका असं सांगितलं. तोवर ईशा बाहेर बाकावर बसून काशीरामांना सगळं सांगत होती. ईशा अमरावतीकडची. तिचं शिक्षण नुकतंच सुरू झालं होतं, एकटीनं विमान न्यायची पाळी अजून आली नव्हती.

"काका, पहिल्यांदा तेलाचा काटा खाली गेला. मॅडम म्हणाल्या, विमान मी घेते. तेवढ्यात समोरच्या काचेवर तेल उडालं. सगळी काच तपकिरी. काहीच दिसेना. मग पंखा थांबला. समोर नुसतं उभं पातं." तिनं तळहात डोळ्यांसमोर उभा धरला. "मी ओरडले. मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ईशा, हे आता ग्लायडर आहे, आणि आपल्याला ग्लायडर उतरवता येतं. चल, तू रेडिओवर बोल. मला काम दिलं त्यांनी. मग पेट्रोलचा कॉक बंद कर म्हणाल्या, दार थोडं उघडून त्यात बूट अडकव म्हणाल्या. आपटल्यावर दार वाकलं तर आत अडकायला नको म्हणून. मी सगळं करत गेले. शेवटी म्हणाल्या, आता डोकं गुडघ्यात घाल आणि मी सांगेपर्यंत वर बघायचं नाही."

"मग?"

"मग टेकलो. इतकं छान टेकलो काका, धावपट्टीवर पण माझं तसं होत नाही. मला वाटलं सुटलो. आणि मग एकदम वळलो आणि आपटलो."

दवाखान्याच्या फाटकाशी गर्दी जमली होती. एकजण मोबाइल उंच धरून त्यात बोलत होता, "शिकाऊ विमान कोसळलं." मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी चालवत होत्या म्हणे दोघी. मग काय होणार?"

काशीराम उभे राहिले. आयुष्यात ते कुणाच्या अंगावर गेले नव्हते. "कोसळलं नाही," ते म्हणाले, "उतरवलं. कोसळलं असतं तर तुम्ही इथे नाही, तिकडे सड्यावर गोळा झाला असतात." मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली घेतला.

पण खरी पंचाईत संध्याकाळी झाली. रसिकाला जाग आली तेव्हा ती छताकडे बघत पडून होती. काशीराम खुर्ची ओढून जवळ बसले.

"आप्पा, ईशा म्हणते टेकल्यावर मी उजवीकडे वळवलं."

"हां."

"मला आठवत नाही. चाकं टेकली तिथवर आठवतं. पुढे पुसलंय सगळं. सडा वरून मी नीट बघितला होता. समोर मोकळा होता. उजवीकडे दगडांचा गडगा होता, तोही मी बघितला होता." तिचा आवाज चिरका झाला. "मोकळं सोडून मी गडग्यावर का घातलं? माझ्यामुळे ती पोरगी मेली असती. चौकशीवाले हेच विचारणार, आणि मला उत्तर माहीत नाही."

"घाबरली असशील," असं कुणीही म्हटलं असतं. काशीरामांच्या तोंडातही ते आलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. कारण स्लॅबवरून त्यांनी तिचं आभाळातलं वळण पाहिलं होतं. घाबरलेल्या माणसाचं ते वळण नव्हतं.

"कातळावर चाकांच्या खुणा असतील?" त्यांनी विचारलं.

"असतील."

"मग उद्या मी बघून येतो."

*

सकाळी आठलाच काशीराम पाखाडी चढून वर गेले. सडा पिवळ्या गवतानं भरला होता, मध्ये मध्ये काळ्या कातळाचे उघडे पट्टे. लांब उजवीकडे चिऱ्यांच्या गडग्याला टेकून पांढरं विमान तिरकं पडलं होतं, उजवा पंख मोडून मागे गेलेला. भोवती पोलिसांनी पट्टी बांधली होती. काशीरामांनी क्षणभर तिकडे बघितलं, उजव्या बाजूच्या खिडकीचा चुरा बघितला आणि मान फिरवली.

हवालदारानं त्यांना अडवलं. "काका, आत जायचं नाही. चौकशीचे साहेब आलेत."

"मी पायलटचा बाप."

आत एक साठीच्या आसपासचे गृहस्थ टेप घेऊन वाकले होते. त्यांनी मान वर केली. "काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नको साहेब. खुणा बघायच्यात. हात लावणार नाही."

"खुणा बघून काय कळणार तुम्हाला?"

"एकतीस वर्षं एसटी चालवली. तेवढं कळेल."

साहेबांनी त्यांना वर-खाली न्याहाळलं. मग म्हणाले, "माझ्या मागून चाला. खुणांवर पाय देऊ नका."

दोघं खुणांच्या उलट दिशेनं चालत सड्याच्या टोकाला गेले. तिथे कातळावर रबराचे दोन काळे ठसे होते, एकमेकांना समांतर, सारख्या लांबीचे. काशीराम उकिडवे बसले.

"इथे टेकलं. दोन्ही चाकं एकदम. उडी मारलेली नाही. उडी मारली असती तर पुढे दुसरा ठसा दिसला असता."

साहेब वहीत लिहीत राहिले.

काशीराम पुढे चालू लागले. गवत दबलेलं, मग परत कातळ, मग काळे पट्टे. "इथे ब्रेक मारलाय. इथे सोडलाय. का सोडलाय..." ते थांबले. कातळात पाऊल मावेल एवढे खळगे होते. "खळग्यांसाठी. दाबून ठेवला असता तर चाक अडकून नाक खाली गेलं असतं. खळगे संपले, परत दाबलाय. शाबास." तो शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला आणि ते ओशाळले. साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "चालू द्या."

त्याच्या पुढे वीसेक पावलांवर दोन्ही खुणा एकदम उजवीकडे वळल्या होत्या. उजव्या चाकाची खूण ठळक, डाव्याची पुसट. इथेच तिनं वळवलं. काशीराम तिथे उभे राहिले आणि समोर बघू लागले. खरंच मोकळा सडा होता. पन्नासेक पावलांवर कापलेल्या गवताची कमरेइतकी रास, बाकी काही नाही. गवताच्या राशीला भिऊन कोण वळेल? उलट गवतात घुसलं असतं तर विमान मऊ थांबलं असतं. मुलीला जाऊन काय सांगायचं?

मागून आवाज आला. "काकांनु, पोरगी कशी हाय?"

कालची डोलीपुढची बाई. पट्टीच्या बाहेर उभी होती, हातात विळा.

"बरी आहे. तुमचे उपकार..."

"आमचं कसलं? आमीच तिचं उपकार मानायचं." तिचं नाव सगुणा. "काल आमाला कोन इचारलंच नाय. फोटू काडलं नि ग्येलं सगलं."

"काय विचारायला हवं होतं?" साहेबांनी पुढे होत विचारलं.

सगुणानं विळ्याचं टोक गवताच्या राशीकडे केलं. "आमी पाच जनी त्या गवताच्या पल्याड बसलो हुतो भाकर खायाला. सावली नाय ना दुसरी. आवाज नाय, काय नाय. म्या पानी घ्यायाला उबी ऱ्हायले नि बगते तर समोर इमान! येवडं जवल! पाय हलंनात माजं. तिनं मला बगितलं. खिडकीतनं बगत हुती ती, मान भायेर काडून. तिची नि माजी नजर लागली नि तिनं इमान फिरवलंन."

काशीराम गवताच्या राशीकडे चालत गेले. पलीकडे जमीन थोडी खोलगट होती. एक फडकं, उलटलेला डबा, पाण्याची बाटली, वाळलेली अर्धी भाकरी. पाच माणसं बसल्याच्या खुणा. सरळ आलेलं विमान याच रस्त्यानं गेलं असतं.

त्यांनी डावीकडे पाहिलं. वीस पावलांवर सड्याची कड, खाली पऱ्ह्याची, म्हणजे पावसाळी ओढ्याची, खोल घळ. डावीकडे जायची सोय नव्हती. समोर पाच बायका. राहिला उजवीकडचा गडगा.

ते परत खुणांपाशी आले आणि गडग्याच्या दिशेनं सावकाश चालले. अगदी शेवटी, पंधराएक पावलं उरलेली असताना, खुणा पुन्हा बदलल्या होत्या. आता डाव्या चाकाची खूण ठळक होती. आडवी, घसरलेली.

काशीराम तिथेच खाली बसले. काही वर्षांपूर्वी आंबा घाटात भर पावसात वळणावर अचानक समोर दरड आली होती. गाडी थांबणार नव्हती, डावीकडे खोल. तेव्हा त्यांनी गाडी उजवीकडे डोंगराला घासली होती, ड्रायव्हरच्या बाजूनं. अडतीस पॅसेंजर होते. कुणी विचारलं असतं की एवढा विचार कधी केलास, तर त्यांना सांगता आलं नसतं.

"साहेब," ते म्हणाले, "गडग्यावर सरळ गेली असती तर नाकावर आपटली असती, दोघी गेल्या असत्या. तिनं शेवटी डावा ब्रेक मारलाय. विमान आडवं करून घासलंय. तिची बाजू भिंतीला दिली. शिकणारीची बाजू मोकळी ठेवली."

साहेबांनी टेप गुंडाळली.

"तांबे, अहवालाला महिने लागतील. तोवर मी तुम्हाला काहीही सांगू शकत नाही. नियम आहे." मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पण तुम्ही जे बोललात त्यात मी कुठे तुम्हाला अडवलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

*

दवाखान्यात परतल्यावर काशीरामांनी एक्स-रेचं मोठं पाकीट उलटं केलं आणि त्यावर पेनानं सडा काढला. टेकलेली जागा, खळगे, वळण, घळ, गडगा. रसिका उशीला टेकून बघत होती. गवताच्या राशीशी त्यांनी पाच टिंबं काढली.

"हे काय?"

"सगुणा. हौसा. प्रेमला. तिची जाऊ काशी. आणि सगुणाची सून, तिसरा महिना चालू आहे तिला. नावं विचारून आलोय. भाकर खात बसल्या होत्या."

रसिकानं डाव्या हाताचं बोट त्या टिंबांवरून फिरवलं.

"लाल पदर," ती हळूच म्हणाली. "आप्पा, काल रात्रभर मला एक लाल पदर दिसतोय. मला वाटलं औषधानं होतंय."

"सगुणाचा. लालच साडी होती, डोलीपुढे चालत होती तेव्हा मी बघितली."

आता ती रडली. मथुराबाई उठायला लागल्या तर काशीरामांनी त्यांना हातानं थांबवलं. रडू द्यावं. हे रडणं वेगळं होतं.

जरा वेळानं त्यांनी शेवटची आडवी खूणही काढून दाखवली आणि पेनाचं टोपण लावलं. त्यांना खूप काही बोलायचं होतं. बारावीनंतर ही मुलगी विमान शिकते म्हणाली तेव्हा डेपोतले हसले होते, एसटीवाल्याची पोर आणि विमान. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी तिनं दोन वर्षं घरात टीव्ही लावू दिला नव्हता.

"रसिका," ते म्हणाले, "बाप म्हणून सांगत नाही. बापाला काय, सगळंच चांगलं दिसतं. ड्रायव्हर म्हणून सांगतो. मी असतो तर मला एवढं जमलं नसतं."

रसिकानं डावा हात पुढे केला आणि त्यांचं बोट घट्ट धरलं. लहानपणी एसटी स्टँडवर धरायची तसंच.

दुपारी त्या पाचही जणी आल्या. नाचणीच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि सड्यावरच्या आवळ्यांची पिशवी घेऊन. सगुणानं रसिकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "अशी येवडीशी पोर," ती मथुराबाईंना म्हणाली, "काय खाऊन जल्माला घातलीस गो बाय?" मथुराबाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "कुळथाची पिठी," त्या म्हणाल्या.

*

अहवाल पुढच्या वर्षी पावसाळ्यात आला. इंजिनाकडे तेल नेणारी नळी आतून तडकली होती. बाहेरून कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, आणि उड्डाणाआधीच्या तपासणीत ती सापडणं शक्य नव्हतं. अहवाल इंग्रजीत होता. रसिकानं तो मराठी करत वाचून दाखवला. एक वाक्य काशीरामांनी तिला तीनदा वाचायला लावलं. जमिनीवरच्या व्यक्तींना टाळण्यासाठी वैमानिकाने जाणीवपूर्वक विमान भिंतीकडे वळवले आणि विद्यार्थिनीचा बचाव होईल अशा रीतीने ते थांबवले.

"जाणीवपूर्वक," काशीराम म्हणाले. "बघ. शब्द चांगला आहे."

तोवर रसिकाचा हात भरून आला होता, डॉक्टरांची परवानगी मिळाली होती आणि ती पुन्हा शिकवू लागली होती. सगुणाला नात झाली होती. आणि दिवाळीनंतर एका सकाळी फोन आला. "आप्पा, आज ईशा एकटी उडाली. मी खाली उभी राहून बघितलं. ती टेकेपर्यंत कपाळावरचा हात खाली घेतला नाही."

"आता कळलं मी स्लॅबवर कसा उभा असतो ते," काशीराम म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना घरात बसवेना. ते चालत एसटी स्टँडवर गेले. बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "सावर्ड्याची गाडी कधी हो?"

"दहा चाळीसला. वेळ आहे," काशीराम शेजारी बसत म्हणाले. "तुम्ही गेल्या वर्षी ते कोंडसरीच्या सड्यावर विमान उतरवलेलं ऐकलं असेल ना?"

"विमान? इथे?"

मग काशीरामांनी सुरुवात केली, तेलाच्या नळीपासून. पाकीट नव्हतं म्हणून बाकावर बोटानं सडा काढला. खळगे आले, घळ आली, पाच जणी भाकर खायला बसल्या. गृहस्थ सरकत सरकत बाकाच्या कडेला आले होते. दहा चाळीसची गाडी लागली, भरली, कंडक्टरनं घंटी दिली आणि ती फाटकातून बाहेर पडली.

"अहो, तुमची गाडी!" काशीराम दचकून म्हणाले.

"जाऊ द्या," गृहस्थ म्हणाले. "दुसरी येईल की. तुम्ही सांगा, त्या बाईनं खिडकीतून बघितलं, मग तिनं काय केलं?"

"बाई नाही हो," काशीराम ताठ बसत म्हणाले. "माझी मुलगी ती."